आठवी भाकरी

"ही माझी," असं म्हणत आत्यांनी माझ्या सुया टोचायच्या उशीतली एक सुई उपसली आणि डोळ्यांपाशी धरून तिच्यात दोरा ओवायला लागल्या.

"तुमची कशी? त्या उशीतल्या सगळ्या माझ्या आहेत," मी म्हटलं.

"बघ तरी. नेढं केवढं मोठं आहे! गोधडीची सुई आहे ही. शनिवारी दुपारी फोन वाजला तेव्हा इथं टोचून उठले, ती राहिलीच."

मी उशी उचलली आणि मोजल्या. अकरा. उशी उलटी करून, दाबून, पुन्हा मोजल्या. अकराच.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. गोधडी मांडीवर घेऊन त्या खिडकीत बसल्या होत्या. सोमवारची सकाळ, साडेनऊ झालेले. माझी मुलगी मृदुला शाळेत, हे दुकानात, आणि माझ्या हातात बारा सुयांची उशी, जिच्यात अकरा सुया.

"आत्या, शनिवारी संध्याकाळी मी मोजल्या तेव्हा बारा होत्या."

"असतील की. माझी धरून बारा."

एवढं सहज बोलल्या त्या. दोरा ओवलाही.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. तेव्हा मी चौतीस वर्षांची होते आणि जयसिंगपुरात, आमच्या बाहेरच्या खोलीत, लहान मुलांसाठी कापडी खाऊ शिवायचे. खाऊ म्हणजे खोटा, भातुकलीचा. फेल्ट नावाचं जाड, मऊ, लोकरीसारखं कापड मिळतं. कापलं तरी त्याच्या कडा उसवत नाहीत. त्याची वांगी, मिरच्या, करंज्या, इडल्या. मला हे कुणी शिकवलं नाही. मस्कतच्या नणंदेनं मृदुलाला एक फेल्टचा केक आणला होता. एका दुपारी मी तो टाका टाका करून उसवला, आत काय आहे ते बघितलं आणि परत शिवला. तो केक राहिला नाही, उशी झाली. मृदुला दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढचा केक मात्र जमला.

हातात सुई आणि गिऱ्हाईक दोन वर्षांचं, म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता: रोज संध्याकाळी डबा बंद करण्याआधी सुया मोठ्यानं मोजायच्या. आत्या म्हणायच्या, "सूर्याची बारा नावं घेतेय जणू." बारा म्हटलं की माझं मन शांत व्हायचं. शनिवारीही झालं होतं.

मी गादी झटकली, पायपुसणं झटकलं, केर पुन्हा काढून तो वर्तमानपत्रावर पसरला. कापसाची पिशवी हातानं चाळली. टाचणी सापडली, मृदुलाचा हरवलेला डूल सापडला, सुई नाही.

"हेमा, बैस जरा. पायाखाली मांजर आल्यासारखी नाचू नकोस," आत्या म्हणाल्या.

बसणार कशी? सुई कुठं असेल ते मला कळायला लागलं होतं. भाकरी शिवताना दोन गोल कापडांच्या मध्ये कापसाचा पातळ थर घालावा लागतो. तो सरकू नये म्हणून काहीतरी टोचून ठेवावं लागतं. टाचणीनं फेल्टला भोक दिसतं असं माझंच मत, म्हणून मी बारीक सुई आडवी टोचून ठेवायचे आणि शेवटचे चार टाके उरले की ती काढून घ्यायचे. शनिवारी चार वाजता चित्राताईंची जीप दारात हॉर्न वाजवत होती आणि मी शेवटच्या भाकरीचे शेवटचे चार टाके घालत होते. सुई काढल्याचं मला काही केल्या आठवेना. नाही काढली, असंही आठवेना.

भाकऱ्या आठ होत्या. एकूण नग एक्केचाळीस. ते सगळे शनिवारीच नदीपलीकडच्या साखर कारखान्याच्या तळावर गेले होते, ऊसतोडीला आलेल्या लोकांच्या मुलांसाठी.

चित्राताई निवृत्त शिक्षिका. हंगामाचे पाच महिने त्यांची संस्था तळाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये मुलांना सांभाळायची. आईबाप पहाटेच उसाच्या फडात जातात, मुलं दिवसभर उघड्यावर. अशा अकरा शेड होत्या त्यांच्या. "आधी एका ठिकाणी देऊन बघू. मुलं रमली तर अकराही ठिकाणचं काम तुमचं," असं त्या म्हणाल्या होत्या. हे ऐकून आमच्या यांनी पहिल्यांदा 'चिंध्या' हा शब्द न वापरता माझ्या कामाबद्दल विचारलं होतं. आणि आत्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं, अकराच्या जागी पंधरा करून.

मी फोन लावला.

"अहो हेमाताई! शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला, आत्ता तुमचंच नाव काढलं होतं," चित्राताईंचा आवाज खुशीत होता. मागं मुलांचा कल्ला. "काय सांगू तुम्हाला, पोरं वेडी झालीत नुसती. एरवी दहा मिनिटं एका जागी बसत नाहीत. गुरुवारी विश्वस्त बघायला येणार आहेत, मी त्यांना म्हटलं—"

"ताई, एक—" मी म्हटलं. "ते एका भाकरीचं—"

"हं, काय?"

"एक दोरा सुटा राहिलाय. उसवेल तो. मी येऊन नीट करून जाते. तोवर मुलांच्या हातात नका देऊ."

"सुटा दोरा? अहो, एवढ्यासाठी येणार? आणि हातात कुठलं नका देऊ, सकाळपासून त्यांच्याच हातात आहेत. कुणाच्या हातात, कुणाच्या तोंडात." त्या हसल्या. "या, या. बघाल तरी स्वतःच्या डोळ्यांनी."

फोन ठेवला. आत्यांची सुई गोधडीत अर्धी जाऊन थांबली होती.

"सुई गिळलीस आणि दोरा सांगितलास," त्या म्हणाल्या.

"तिथं पोचले की सांगते. फोनवर कसं सांगायचं?"

"तोंडानं."

"आत्या, अकरा शेडचं काम आहे."

"पंधरा," आत्या म्हणाल्या, आणि मान खाली घालून पुढचा टाका घातला. मला त्यावर चिडताही येईना.

स्टँडवरून वडाप मिळालं, म्हणजे जीप. भरल्याशिवाय ती हलत नाही. मी मधल्या सीटवर बसून दर मिनिटाला बाहेर मान काढत होते.

"दोन शीट भरल्या की निघालोच, वैनी," ड्रायव्हर तंबाखू मळत म्हणाला. दोन सीट भरल्या. तो म्हणाला, "अजून एक म्हातारी येती म्हणालीया."

शेजारी ढबू मिरच्यांची पाटी घेतलेली एक बाई होती. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "कोण आजारी हाय का?"

"नाही."

"मयत?"

"नाही हो. काम आहे."

"मग काम कुठं पळतंय?" असं म्हणून तिनं पाटी माझ्या पायावर सरकवली.

लहानपणी कुणीतरी सांगितलेलं, की सुई अंगात शिरली की रक्ताबरोबर फिरत फिरत काळजाकडं जाते. खरं-खोटं देव जाणे. पण रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यागणिक ती माझ्या डोक्यात बोटभर पुढं सरकत होती. पूल ओलांडल्यावर आठवलं, की मृदुलाच्या खेळण्यांत लोहचुंबक होतं. ते आणलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. तेव्हा आठवून काय उपयोग?

चित्राताईंना काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते. आधी सुई शोधायची. सापडली, कुणाला लागलेली नसली, तर मग हसत हसत सांगायचं, 'अहो, खरं सांगू का, दोरा नव्हताच.' आणि सापडली आणि कुणी बघितलं नाही तर? तर कशाला सांगायचं? हा दुसरा विचार मी मनात आणला नाही, तो आपला आपणच येऊन बसला, ढबू मिरच्यांच्या पाटीसारखा.

शेडमध्ये वीसेक मुलं होती. तीन विटांची चूल मांडलेली, तिच्यावर पत्र्याचा डबा, आणि सगळीकडं माझा खाऊ. एरवी मी तिथंच विरघळले असते. एक मुलगा डोनटमधून बोट घालून तो गरगर फिरवत होता.

"त्याला टायर म्हणतात ती," चित्राताई कौतुकानं म्हणाल्या. "आणि तुमच्या पिझ्झ्याला काय म्हणतात माहितीय? इस्कटलेली भाकर."

डोनट आणि पिझ्झा मी मासिकातल्या फोटोवरून केले होते, विश्वस्तांवर छाप पडावी म्हणून. एकाही मुलानं ते काय आहे म्हणून विचारलं नव्हतं.

"कुठला दोरा म्हणत होतात?"

"बघते. सगळेच बघते एकेक करून."

पण बघणार कसं? पहिल्याच पोराकडं मी हात पुढं केला, तर त्यानं वांगं सदऱ्याच्या आत घातलं. दुसरीनं पाठीमागं लपवलं. त्यांच्या हातातलं कुणी मोठं माणूस मागून घेतं म्हणजे ते परत येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग काय सुचलं कुणास ठाऊक, मी चुलीपुढं फतकल मारली.

"लांबनं आलेय. भूक लागलीय मला. कुणी जेवायला वाढतं का?"

मग एका शेंबड्या मुलीनं ताबा घेतला. "आदी हात धुवा!"

मी रिकाम्या डब्याखाली हात धरले, धुतले, पदराला पुसले.

"वाढा रे पाव्हनीला!"

आणि मग जे ताट वाढलं गेलं, तसं मला माहेरीही कुणी वाढलं नसेल. वांगी आली, मिरच्या आल्या, करंज्या, इडल्या, टायरसुद्धा आला. प्रत्येक वस्तू मी दोन्ही तळव्यांत धरायचे, कडेकडेनं चिमटीत दाबत न्यायचे, मग मधोमध, मग ओठांजवळ नेऊन खाल्ल्याचं नाटक करायचे. प्रत्येक दाबाला वाटायचं, आता टोचेल. टोचावं असंच वाटायचं.

"चावून खावा! नुसतं काय दाबताव?"

"गरम आहे गं," मी म्हटलं.

चित्राताई दारात उभ्या राहून बघत होत्या. "किती रमता हो तुम्ही मुलांत!" म्हणाल्या. मी वर बघितलं नाही.

भाकऱ्या एक, दोन, तीन. चौथीत काहीतरी कडक लागलं; ती माझीच दोऱ्याची गाठ होती. पाच, सहा, सात.

"अजून एक भाकरी वाढा."

"सरल्या."

"आठ होत्या."

"पाव्हनी लई खाती," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळी शेड हसली.

"खरंच, आठवी कुठंय?" माझा आवाज बहुतेक बदलला असावा. हसणं थांबलं.

"भागीनं नेली," शेंबडी म्हणाली. "घरी. तिच्या भावाला दात येऊ लालेत, त्यो समदं चावतो."

मी उठले तेव्हा पाय मुंग्यांनी बधिर झाले होते. तरी उठले.

"बघा! कितीदा सांगते, इथली वस्तू इथंच ठेवायची," चित्राताईंनी पर्स काखेला मारली. "शंभरदा सांगितलं तरी नेतातच. घरची सवय, दुसरं काय. चला."

"तुम्ही कशाला? मी आणते ना."

"छे, तुम्हाला सापडायची नाही. कोप्या सगळ्या सारख्याच."

कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची आणि बांबूची झोपडी. दोन माणसं वाकून आत जातील एवढी. शेडपासून तळ पाच-सात मिनिटांवर. खरं सांगायला तेवढा वेळ पुष्कळ. मी तीनदा सुरुवात केली. पहिल्यांदा एक उसाची ट्रॉली धडधडत गेली. दुसऱ्यांदा चित्राताई गुरुवारचं बोलायला लागल्या. विश्वस्तांना मी स्वतः भेटावं, साडी जरा चांगली नेसून यावं. तिसऱ्यांदा कुणीच मधे आलं नाही. मीच गप्प बसले.

"अहो, हळू! भाकरीच आहे ती, पळून जात नाही," मागून चित्राताई धापा टाकत म्हणाल्या.

भागीची आई कोपीपुढं तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. पहाटे चारपासून ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून ती नुकतीच परत आली असावी. केसांत पाचटाची कुसं, हातांवर पानांनी कापलेल्या बारीक रेघा. वय असेल पंचविशीचं.

"शिवकन्या!" चित्राताईंनी हाक मारली.

ती घाईनं उठून उभी राहिली, पिठाचे हात तसेच. तिच्यामागं सहा-एक वर्षांची मुलगी मांडी घालून बसली होती आणि तिच्या मांडीत आठ-नऊ महिन्यांचं बाळ. बाळाच्या दोन्ही मुठींत माझी भाकरी होती. तिची एक बाजू लाळेनं भिजून काळपट झाली होती आणि ती बाजू त्याच्या तोंडात होती. डोळे मिटून, मन लावून ते चघळत होतं.

मी गेले आणि ओढून घेतली.

बाळानं आधी श्वास घेतला, मग टाहो फोडला. मी पाठ वळवली, टाके नखांनी ओरबाडले, तुटेनात म्हणून दातांनी तोडले. आंबट दुधाची चव लागली. मागं चित्राताईंचा शिक्षिकेचा आवाज ऐकू येत होता. "शिवकन्या, तुझ्या भाग्यश्रीनं शेडमधलं खेळणं न विचारता घरी आणलंय. या बाई त्यासाठी जयसिंगपुराहून आल्यात, कळलं का?"

कापड फाकलं. मी कापसात बोटं घातली आणि मधल्या बोटाच्या नखाखाली सुई शिरली.

त्याच क्षणाला मागं फाडकन आवाज झाला.

"चोट्टे! लोकांचं काय म्हून उचलून आनतीस? मला मान खाली घालाया लावतीस?"

"म्या इचारलं व्हतं—"

"वर तोंड करून बोलतीस?" आणि दुसरी.

मी वळले. सुई माझ्या मुठीत होती. अख्खी, बारीक, स्वच्छ. भाकरीत ती भिजलेल्या कडेपासून दोन बोटांवर होती. बाळाला काही झालेलं नव्हतं. कुणी काही बघितलेलं नव्हतं. माझ्या पाठीवरून केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! आणि त्या हलकेपणात मी म्हणाले:

"जाऊ द्या हो. लहान आहे ती."

ही माझी वाक्यं. त्यांत एक अक्षरही खोटं नाही. चित्राताईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू म्हणत होत्या, असं मोठं मन सगळ्यांनाच असतं तर! शिवकन्येनं हात जोडले. "बाई, तुमी मोठ्या मनाच्या. पुन्यांदा न्हाई व्हायचं असं."

"असू दे, असू दे," मी म्हटलं. हेही मीच म्हटलं.

भागी रडत नव्हती. एका गालावर चार पांढरी बोटं उमटली होती. आईच्या हाताचं पीठ ते. रडणारं बाळ तिनं कडेवर घेतलं होतं आणि ती माझ्याकडं बघत होती. चेहऱ्याकडं नाही, खाली.

"तुमच्या हाताला रगत आलंय," ती म्हणाली.

आलं होतं. मुठीतून मनगटाकडं एक ओघळ निघाला होता.

"काय झालं? बघू," चित्राताई पुढं झाल्या. शिवकन्या म्हणाली, "थांबा, हळद आनते." भागी मात्र तिथंच उभी. तिला त्या रक्ताचं खरोखरच वाईट वाटलं होतं. तिच्या तोंडावर ते दिसत होतं.

मी मूठ उघडली.

"दोरा नव्हता," मी म्हणाले. "सुई होती. भाकरीत राहिली होती माझ्याकडून. सकाळीच कळलं मला. ती शोधायलाच मी आले."

शिवकन्या आधी सुईकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. मग झटक्यानं तिनं भागीच्या कडेवरून बाळ घेतलं, पिठाचं बोट त्याच्या तोंडात घातलं, हिरड्यांवरून फिरवलं, टाळूवरून, जिभेखालून. ओठ उलटे करून बघितले. मुठी उघडून बघितल्या. बाळ आणखीच पिसाळलं. काही नाही म्हटल्यावर तिनं ते पुन्हा भागीकडं दिलं, चुलीशी बसली आणि जळायला लागलेली भाकरी उलटली.

"मंग तुम्हाला ठावं व्हतं," ती भाकरीकडं बघत म्हणाली. "तर मला तिला मारू कशापायी दिलं?"

पहिल्या थपडेच्या वेळी सुई नुकतीच बोटाला लागत होती. पण दुसरी? आणि त्यानंतरचं 'जाऊ द्या हो'?

"हेमाताई," चित्राताई म्हणाल्या. "तुम्ही फोनवर दोरा म्हणालात."

"हो."

"दहा वाजता. आत्ता एक वाजलाय."

"हो."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी जाऊन सगळं पेटीत भरून ठेवते," त्या म्हणाल्या. "जाताना घेऊन जा. गुरुवारचं मी विश्वस्तांना कळवते." दोन पावलं जाऊन त्या थांबल्या, भागीकडं वळल्या. "तू खरंच विचारलं होतंस का गं मला?"

"व्हय. तुमी पोरायची नावं ल्हित व्हत्या. हूं म्हनलात."

चित्राताईंनी काही आठवून बघितलं. आठवलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. पर्स सावरत त्या पाचटातून निघून गेल्या.

मी तिथंच उभी राहिले. जायला हवं होतं, पण जाताही येईना. हातात फाटलेली भाकरी, त्यातून लोंबणारा कापूस. "शिवकन्या, मला माफ कर. खूप मोठी चूक झाली माझी. मी हिला दुसरी शिवून—"

"नगं," ती म्हणाली. "पुन्यांदा सुई ऱ्हायची." भाकरी विस्तवाकडं टेकवून तिनं दुसरा गोळा घेतला. "आन् मला काय सांगताव? मार खाल्लेली तिकडं हाय. तिला सांगा."

मी भागीपुढं बसले. तिच्या डोळ्यांच्या उंचीला यावं म्हणून गुडघ्यांवरच बसले. खालची ढेकळं टोचत होती.

"भाग्यश्री, तू चोरी केली नाहीस. तू विचारून आणली होतीस. त्यात सुई मीच विसरले होते. आणि तुला मार पडत होता तेव्हा मला ते माहीत होतं, तरी मी बोलले नाही."

तिनं बाळाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. विचार करताना ती कपाळाला आठी घालत होती, एखाद्या वयस्क बाईसारखी.

"म्या चोट्टी न्हाई?"

"नाही."

"मंग चुकी तुमची?"

"माझी."

"समदी?"

"सगळी."

पुन्हा आठी. मग तिनं जे विचारलं ते अगदी साधेपणानं, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं.

"मंग तुम्हाला कोन मारनार?"

भाकरी थापटण्याचा आवाज थांबला. मी शिवकन्येकडं बघितलं. ती गप्प बस म्हणेल, निदान दटावेल, असं वाटलं होतं. तिनं वर बघितलं नाही. क्षणभरानं तिचे हात पुन्हा परातीत फिरायला लागले.

मी गाल पुढं केला. "तूच मार," मी म्हटलं.

भागीनं माझ्याकडं नीट निरखून बघितलं; मोठी माणसं गंमत करतात तेव्हा कशी दिसतात ते तिला माहीत होतं, आणि तसं काही आहे का ते ती शोधत होती. नव्हतं. मग तिनं बाळ डाव्या कडेवर घट्ट धरलं आणि उजवा हात मोकळा केला.

पहिली हलकी होती. अनोळखी माणसाला हात लावावा, तितकीच.

दुसरी मात्र तिनं नीट मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कान गरम झाला. बाळ दचकून रडायचं थांबलं आणि माझ्याकडं टक लावून बघायला लागलं.

भागीनं हात फ्रॉकला पुसला, आईकडं एकदा बघून घेतलं आणि म्हणाली, "आता जावा."